टोकाच्या टाकीतला तास

मालवणाकडचा मच्छीमार एक वेळ देवळात उभा राहून खोटं बोलणार नाही, पण मासे कुठे गावले हे सख्ख्या भावालाही खरं सांगणार नाही. सगुण मेथर तर त्यातले अर्क. लिलावात कुणी विचारलं, "सगुणबाब, एवढी सुरमय खय गावली?" तर तोंड उत्तरेला आणि बोट दक्षिणेला करून ते "थंय" म्हणत आणि विडी पेटवायला वळत.

पुढे प्रत्येक होडीवर एक पेटी बसली. होडी कुठे आहे हे ती सतत किनाऱ्यावर कळवायची, वादळाचा इशारा आला तर तोही त्याच पेटीतून वाजायचा. होड्यांचा नकाशा ज्याला हवा त्याला फोनवर दिसायचा. हेतू चांगला होता. होडी बुडालीच तर माणसं लवकर सापडावीत. पण नकाशा सगळ्यांना दिसतो म्हणजे मोठ्या पर्ससीन जाळीवाल्यांनाही दिसतो. छोट्या होड्या कुठे घुटमळतायत ते बघायचं, मोठं इंजिन लावून तिथे पोचायचं आणि सगळे मासे उपसून न्यायचे, असा त्यांचा धंदा सुरू झाला. किनाऱ्यानं त्या पेटीला 'चुगली' हे नाव ठेवून टाकलं. सगुणबाबांनी त्यावर उपाय काढला. बायकोचा लाडवांचा स्टीलचा डबा त्यांनी पळवला आणि खोल दर्यात गेलं की ते तो चुगलीवर उपडा घालत. डब्यासाठी शैला ओरडली की म्हणत, "अगो, त्या पेटीक वारो बाधता."

सगळे हसायचे. त्यांची लेक दुर्वाही हसायची. खरं तर तिनं हसायला नको होतं, कारण दर्यात हरवलेल्या होड्या शोधणं हेच तिचं काम होतं.

दुर्वा परुळ्याच्या सड्यावरच्या, उंच कातळमाळावरच्या, धावपट्टीवरून 'टिटवी' उडवायची. टिटवी म्हणजे शोध घेणारं छोटं विमान. दोन पंखे, चार-सहा माणसांपुरती जागा, पोटाखाली उघडणारं दार. नजरेत भरायची ती पंखांची टोकं. दोन्ही टोकांना दुधी भोपळ्यासारखी एकेक लांबट टाकी अडकवलेली होती.

अशा टाक्या काही नव्या नाहीत, छोट्या विमानांना त्या कधीपासून लावतात. त्यांची गंमत अशी की वजन वाढवूनही त्या पंखाला आराम देतात. पंख विमानाला उचलून धरतात, पण ओझं सगळं मधल्या पोटात असतं. एखादी लांब फळी आठ जणांनी रांगेत उभं राहून डोक्यावर घेतली आणि सगळं सामान मधोमध रचलं, तर फळी मध्येच मोडायला बघते. त्यातलं थोडं सामान टोकांकडे सरकवलं की ती सरळ राहते. टोकाच्या टाकीतलं तेल हेच करतं. पोट जड असेल तर टोकंही जड हवीत.

घोडं अडतं ते तेल वापरताना. टोकाचं तेल थेट इंजिनात जात नाही. आधी पंखातल्या मुख्य टाक्यांमध्ये जागा व्हावी लागते, मग पंपानं टोकाचं तेल आत ओढून त्या भरायच्या. दोन्ही बाजूंचं सारखं ओढायचं, नाहीतर एक पंख जड होऊन विमान कलतं. आणि हा सगळा व्यवहार सरळ, सपाट उडतानाच करायचा. वळणात आणि हेलकाव्यात तेल हिंदकळतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि एकदा हवा प्यायलेला पंप जावयासारखा रुसून बसतो.

नवा होता तो तोलक. टिटवीच्या पंखात केसाएवढे बारीक काचेचे तंतू विणलेले होते आणि पंख कुठे किती वाकतोय हे ते क्षणोक्षणी सांगायचे. तोलक नावाचं यंत्र ते वाचायचं आणि कुठलं तेल कधी, किती वापरायचं ते ठरवायचं. त्याच्या भरवशावर एवढ्याशा विमानाला दुप्पट मोठ्या टाक्या लावता आल्या आणि टिटवी जवळजवळ दिवसभर दर्यावर राहू लागली. त्याची किंमत एकच. हवा खवळलेली असली आणि पोट जड असलं, की तोलक टोकाच्या तेलाला कुलूप घालायचा. ते कुलूप वैमानिकाला तोडता येत नसे. पंखच मोडला तर मागे उरलेलं तेल काय चाटायचंय?

टिटवीच्या पोटात जड अशी एकच वस्तू होती, तराफा. पाण्यात पडला की तो आपोआप फुगायचा, अंगाच्या उबेवरून माणसं हुडकायचा आणि स्वतःच्या मोटरीवर त्यांच्यापर्यंत पोहत जायचा. त्यात पाणी होतं, छप्पर होतं, रेडिओ होता. एका टिटवीत एकच मावायचा. तो कुठे टाकायचा हे मात्र तोलक ठरवत नसे. ते काम कायद्यानं माणसाकडे ठेवलं होतं.

"यंत्रार कोर्टात केस घालूक येणा नाय ना," इनास लोबो म्हणायचा. "म्हणान आपणाक ठेवल्यानी हत." इनास हा दुर्वाचा सोबती. खिडकीतून दर्या न्याहाळणं आणि सांगितलं की दार उघडणं ही त्याची कामं. वयानं तिच्या बापाएवढा, आणि बापासारखाच तोंडाळ.

त्या वर्षी दसरा झाला आणि अरबी समुद्रात वादळ उठलं. ते वर गुजरातकडे जायचं म्हणत होतं आणि मध्येच फिरलं. सगळ्या चुगल्या बोंबलायला लागल्या, होड्या माघारी पळाल्या. सगुणबाबांची 'सातेरी' आली नाही. पूर्वी त्या होडीवर पाच माणसं असायची. आता ती बॅटरीवर चालायची, दिशा स्वतः धरायची, जाळंही यंत्रच ओढायचं, तेव्हा खलाशी घरी बसले आणि सगुणबाब एकटेच जाऊ लागले. इशारा वाजला तेव्हा त्यांची चुगली डब्याखाली होती. तिला किनाऱ्याचं काही ऐकू आलं नसणार.

वारा थोडा उतरल्यावर, सकाळी, शोध सुरू झाला. बचाव केंद्रावरच्या सरपोतदारबाईंनी भिंतीवरच्या नकाशावर चौकोन आखून दिले. दुर्वानं हाताचं बोट पार पश्चिमेला, सगळ्या चौकोनांच्या बाहेर ठेवलं.

"माझे वडील इथे असतील. समुद्राखाली एक डोंगर आहे, त्याचा माथा पाण्याच्या जवळ येतो. ते त्याला म्हातारीची पाठ म्हणतात."

"त्या जागेची कुठे नोंदच नाही गं," सरपोतदारबाई म्हणाल्या.

"नोंद नाही म्हणूनच ते तिथे जातात."

ती जागा सगुणबाबांनी एकट्या दुर्वाला दाखवली होती, ती शाळेत असताना. शैलालाही ती ठाऊक नव्हती. केंद्रातल्या यंत्रानं हिशेब करून सांगितलं की तिथे होडी सापडण्याची शक्यता फार थोडी. सरपोतदारबाईंनी चष्मा काढून दुर्वाकडे बघितलं आणि तिच्या वाटेच्या शेवटी तो ठिपका जोडून दिला. तेल उरलं तर जा, म्हणाल्या. दुसरा वैमानिक असता तर त्यांनी दुर्वाला त्या दिवशी उडूच दिलं नसतं, पण दुसरी टिटवी उत्तरेकडे गेली होती.

शैला धावपट्टीच्या कुंपणापर्यंत आली होती. ती रडत नव्हती, काही मागतही नव्हती. फक्त म्हणाली, "बघ हां गो."

दुर्वाचे दोन चौकोन रिकामे गेले. खाली नुसत्या मातकट लाटा आणि त्यांवर विस्कटलेला फेस. हवा अजून धड नव्हती, टिटवी खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीसारखी आदळत होती, आणि तोलकाच्या पडद्यावर दोन्ही टोकांच्या टाक्यांपुढे लाल कुलूप तसंच होतं. मुख्य टाक्या उतरत चालल्या होत्या. दुर्वाचं अर्धं लक्ष त्या काट्यांवर आणि अर्धं पश्चिमेला होतं.

तिसऱ्या चौकोनात इनास ओरडला, "माणसां! उजवेक, खाली!"

तिनं हळूच विमान वळवलं. टोकं भरलेली असली की टिटवी वळायला आळस करते आणि वळायला लागली की थांबायला आळस करते. खाली जाळं तरंगतं ठेवणाऱ्या पिवळ्या बोयांची एक माळ लाटांवर वरखाली होत होती आणि तिला माणसं लटकली होती.

"सात आसत," इनास दुर्बिणीतून बघत म्हणाला. "नाय, आठ. एकाक दुसऱ्यान धरल्यान हा. त्येची मान पडली हा."

बोया पर्ससीनच्या होत्या. रंगावरून दुर्वानं ते लांबूनच ओळखलं. ज्यांच्या भीतीनं तिच्या बापानं चुगलीवर डबा घातला, ते हेच लोक, किंवा ह्यांचेच भाऊबंद. तिच्या मनात राग आला आणि त्या रागाची तिला लगेच लाजही वाटली, कारण एका माणसानं तोंड वर करून टिटवीकडे बघितलं होतं.

तिनं तोलकाला विचारलं, "तराफा पोटात ठेवून पश्चिमेच्या ठिपक्यापर्यंत जाऊन परत येता येईल?"

"येईल," तोलक म्हणाला. त्याचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ होता. "टोकाचं तेल मिळणार नाही. त्या जागेवरून एकदा सरळ जाता येईल आणि लगेच परतावं लागेल."

"आणि तराफा इथे टाकला तर?"

"पोट हलकं होईल. कुलूप उघडेल. त्या जागेवर सुमारे तासभर शोध घेता येईल."

इनासनं दुर्बीण खाली घेतली. त्यानं वळून दुर्वाकडे बघितलं. केंद्राची बचावनौका ह्या माणसांपर्यंत यायला दुपार कलली असती. त्यांच्यातला एक तर आताच मान टाकून होता.

एवढ्या दर्यात एका माणसाला एका फेरीत कोण शोधू शकतं? शोधायला वेळ लागतो. तराफा जवळ असून बाबा दिसलेच नाहीत तर त्या तराफ्याचा काय उपयोग? हे सगळं बरोबर होतं. शिवाय घरात लहानपणापासून ऐकलेलं होतंच. सगुणबाब दर्यात सापडलेल्या कुणालाही होडीत घ्यायचे आणि वर म्हणायचे, "दर्यात पयलो गावलो तो आपलो. मगे तो चोर असांदे नायतर पोलीस." एकदा तर त्यांनी त्यांचंच जाळं कापणाऱ्याला वर ओढून घेऊन पेज पाजली होती, आणि पेज संपल्यावर शिव्या दिल्या होत्या.

"टाक, इनासकाका," दुर्वा म्हणाली.

"नक्की गो?"

"टाक."

पोटाखालचं दार उघडलं आणि टिटवी हलकी होऊन एकदम वर उसळली. नारिंगी तराफा लाटांवर फुलला, क्षणभर गोंधळल्यासारखा गिरकी घेऊन माणसांकडे निघाला. पहिल्या माणसाचा हात त्याच्या दोरीला लागला तोवर पडद्यावरचं कुलूप हिरवं झालं होतं. आपण तो तराफा धर्मानं टाकला की त्या तासाच्या लोभानं, हे दुर्वाला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

तिनं टिटवीचं नाक पश्चिमेला धरलं, विमान सपाट केलं आणि दोन्ही पंप चालू केले. टोकांचं तेल आत येऊ लागलं. दोन्ही काटे जुळ्या भावांसारखे बरोबरीनं खाली येत होते. तासभराचं तेल. शोधायचं कसं हे ती मनात आखत होती: आधी ठिपक्यावरून सरळ, मग चौकोन, मग चौकोन मोठा करत जायचा, वारा वायव्येचा म्हणजे होडी आग्नेयेला वाहिली असणार.

त्यातलं काही करावं लागलं नाही. ठिपक्यावरून जाणाऱ्या पहिल्याच सरळ रेषेत, नाकासमोर, 'सातेरी' उलटी होऊन तरंगत होती. वादळात सगुणबाबांनी नांगर म्हातारीच्या पाठीत घट्ट रुतवला होता आणि तो सुटला नव्हता. होडीच्या उपड्या पाठीवर, कण्याला मिठी मारून, एक माणूस होता.

"जितो असा," इनास म्हणाला. "दुर्वा, जितो असा तो! मान वर केल्यान."

एक फेरी पुरली असती. एकच, सरळ. दुर्वाला हे कळलं. तराफा असता तर ह्या क्षणी तो खाली गेला असता आणि बाबा वर चढून, ओल्या विडीला शिव्या देत बसले असते. आता तिच्यापाशी तासभराचं तेल होतं आणि द्यायला काहीच नव्हतं.

तिनं केंद्राला कळवलं. सरपोतदारबाईंचा आवाज लगेच आला; एक मालवाहू जहाज त्या बाजूला होतं, त्याला वळवलं, पण त्याला दोन तास तरी लागतील. "तू वर थांब," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसत राहा."

इनासनं स्वतःचं लाइफ जॅकेट काढून खाली टाकलं. वाऱ्यानं ते कुठल्या कुठे नेलं. दुर्वाचं टाकलं, ते होडीच्या अलीकडे पडलं आणि लाटेबरोबर लांब गेलं. सगुणबाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. होडी सोडून पोहत निघायला ते नवखे नव्हते. मग इनासनं पाण्याच्या बाटल्या टाकल्या, जेवणाचा डबा टाकला, बसायची गादी उपटून टाकली. गादी टाकताना तो रडत होता.

टिटवी खाली उतरून होडीवरून गेली तेव्हा सगुणबाबांनी एक हात सोडून वर केला. वर कोण आहे हे त्यांना कळलं असणार. दर्यावर टिटवी दिसली की ते नेहमी त्यात आपलीच लेक आहे असं धरून चालायचे, आणि निम्म्या वेळा ते बरोबर असायचे.

दुर्वा गोल गोल फिरत राहिली. पण मुख्य टाक्या पुन्हा उतरू लागल्या आणि तोलक म्हणाला, "तेल आत घ्यायचं असेल तर सरळ उडावं लागेल."

हे तिला ठाऊकच होतं. शिकताना पहिल्या आठवड्यात पाठ केलेलं होतं. त्याचा अर्थ मात्र तिला आज कळला. वर थांबायला तेल हवं, आणि तेल घ्यायचं तर सरळ जायला हवं, म्हणजे त्यांना सोडून जायला हवं. तिनं एकदा वळणातच पंप चालू करून बघितला. डाव्या पंपानं हवा ओढली, काटा थरथरला, पंख कलला आणि तोलकानं पंप बंद केला.

"जा सरळ," इनास म्हणाला. "मी मागे बघतंय."

ती सरळ गेली. इनास मागच्या खिडकीला नाक लावून बसला आणि होडी दिसते आहे, दिसते आहे, असं म्हणत राहिला. मग ती दिसेनाशी झाली. टाक्या थोड्या भरल्यावर दुर्वा वळली. होडी होती. कण्यावर बाबा होते. तिनं त्यांच्यावरून जाताना रेडिओचं बटण दाबलं, खाली रेडिओ नाही हे ठाऊक असून.

"बाबा, मी आसंय. मी आसंय हय."

दुसऱ्यांदा ती तेल घेऊन परतली तेव्हा लाटा होडीच्या पाठीवरून पलीकडे फुटत होत्या. सगुणबाबांनी हात वर केला, पण ह्या वेळी तो हलवून पूर्वेकडे, किनाऱ्याकडे दाखवला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. जन्मभर त्या माणसानं कुणाला खरी दिशा दाखवली नव्हती.

"घराक जा म्हणता," इनास म्हणाला.

"मी नाय जाणंय."

ती फिरत राहिली. खाली बाबा, वर ती. त्यांचा पिवळा सदरा, टक्कल, कण्याभोवती आवळलेले हात. तिनं मनात त्यांना सगळं सांगितलं: त्या आठ माणसांचं, तोलकाच्या उत्तराचं, लाडवांच्या डब्याबद्दल तिला आलेल्या रागाचं. एवढं ती त्यांच्याशी घरी कधी बोलली नव्हती. मग काटे पुन्हा खाली आले. टोकांमध्ये अजून तेल होतं, जहाज अजून लांब होतं.

"सरळ उडावं लागेल," तोलक म्हणाला.

तिसऱ्यांदा ती सरळ गेली. शक्य तितकं कमी घ्यायचं ठरवून गेली, तोलकानं सांगितलेल्याच्या निम्मं. इनास खिडकीपाशी पुटपुटत होता. ती वळली.

होडी होती. नांगराच्या दोरीला ताण देत तशीच डोलत होती. कण्यावर कुणी नव्हतं.

इनासनं दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. दुर्वानं खाली, आणखी खाली, लाटांचा फवारा काचेवर येईपर्यंत टिटवी नेली. चारी बाजूंना बघितलं. पिवळं काही दिसलं की ती तिकडे वळायची. एकदा तो फेस निघाला, एकदा तिचंच जॅकेट. टोकांचं तेल संपेपर्यंत ती तिथे फिरत राहिली. मग तोलकानं परत फिरायला सांगितलं, आणि तिनं ऐकलं नाही तेव्हा इनासनं तिच्या हातावर हात ठेवला.

"चल, बाय," तो म्हणाला. "आता चल."

धावपट्टीवर सरपोतदारबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी दुर्वाला जवळ घेतलं. समजूत घालायला त्यांच्याजवळ तोलकाचा हिशेब होता, आणि शिकलेली माणसं अशा वेळी हिशेबच सांगतात. "तराफा ठेवला असतास तर तुला तिथे थांबताच आलं नसतं, दुर्वा. एक फेरी, बस."

"तराफा असता तर थांबायचं कशाला होतं, मॅडम?" दुर्वा म्हणाली.

 बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी मागवली.

गावात बातमी पोचली ती एवढीच: जहाजाला होडी उलटी मिळाली, माणूस नाही. कुणी बघितलं, कधी बघितलं, ह्यातलं काही बातमीत नव्हतं, आणि दुर्वानं घरी त्यात भर घातली नाही. शैलानंही विचारलं नाही. नातेवाईक आले, गेले. इनास दोनदा येऊन अंगणात बसून गेला. दुसऱ्यांदा निघताना त्यानं माडाखाली दुर्वाला गाठलं.

"आवशीक सांगलंस?"

"नाय."

"सांगूचा लागतला गो कधीतरी."

"काय सांगू? तराफो दुसऱ्यांका दिलंय म्हणान? की मी पाठ फिरवलंय तेवाच तो गेलो म्हणान?"

इनास पायानं वाळू उकरत उभा राहिला. हे शेवटचं त्या दोघांनाच ठाऊक होतं आणि तिसऱ्याला कळावं असं त्यालाही वाटत नव्हतं.

दिवाळीच्या आधी दोन माणसं घर विचारत आली. एक म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, रत्नागिरीकडचा, आणि एक खलाशी, मानेला अजून पट्टा. हातात नारळ आणि फुलं. दुर्वा कामावरून नुकतीच आली होती; त्यांना बघितलं आणि ती दारातच थांबली.

"माउली," तांडेल शैलाला म्हणाला, "तुमच्या लेकीनं आम्हाला वर काढलं. आठजण आहोत, आठही घरी आहोत. हा तर गेलाच होता." त्यानं खलाशाच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचे वडीलही त्याच दिवशी... आम्हाला मागाहून कळलं. तराफा टाकून ती पश्चिमेला गेली, ते आम्ही बघत होतो."

शैलानं त्यांना ओटीवर बसवलं. चहा केला, शेजारच्या घरून आलेल्या चकल्या दिल्या. खलाशाला मान वळवता येत नव्हती, तर त्याची बशी तिनं उचलून त्याच्या हातात दिली. त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं. दोन मुली, तो म्हणाला. निघताना तांडेल तिच्या पायाशी वाकला तेव्हा ती मागे सरकली आणि म्हणाली, "नको, नको. सावकाश जावा."

ते दोघं पाणंदीच्या वळणाआड जाईपर्यंत शैला पायरीवर उभी होती. मग तिथेच बसली.

"तू फुडे गेलंस?" तिनं न बघता विचारलं.

"गेलंय."

"गावलो?"

दुर्वाला खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस तिनं त्याचीच तयारी केली होती. "गावलो," ती म्हणाली.

"जितो होतो?"

"होय, आये. होडयेर होतो." मग तिला थांबता येईना. "माझ्याकडे तराफो नव्हतो. मी तो ह्यांका दिलंय. तेच्याआधी. मी तसोच घेवन गेलंय असतंय तर... तो पयल्याच फेरीत दिसलो गो."

शैला ओटीवरच्या दोन रिकाम्या कपांकडे बघत राहिली. एका कपात अर्धी चकली बुडून राहिली होती. दुर्वाला वाटलं, आता ती उठेल आणि ते कप अंगणात भिरकावेल. आपण तेच केलं असतं.

शैलानं ते कप उचलून एका बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तेना तुका बघल्यान?"

"बघल्यान. हात हालयल्यान."

"वळाखल्यान?"

"वळाखल्यान."

शैलानं पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलत होते, पण आवाज आला तो सरळ आला. "आणि शेवटाक? तो शेवटाक एकटो होतो काय गो?"

दुर्वाला मागच्या खिडकीला नाक लावून बसलेला इनास दिसला. बरोबरीनं खाली येणारे काटे दिसले. ते सरळ जाणं दिसलं, आणि वळून आल्यावरचा तो रिकामा कणा.

"नाय, आये," ती म्हणाली. "मी होतंय. मी वरच होतंय."

शैलानं तिच्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग मान हलवली आणि थोडी सरकून पायरीवर लेकीला बसायला जागा केली.